'नेश' म्हणजे नेमकं काय? शिवी, थट्टा की थंडीचं निदान?

थंडोबा:
मंडळी, प्रश्न सरळ आहे. इंग्लंडात डर्बी, नॉटिंगम, शेफील्ड या पट्ट्यात 'नेश' असा एक शब्द ऐकू येतो. जरा गार वारं लागलं की ज्याला कुडकुडायला होतं, जो मे महिन्यातही जाकीट काढत नाही, तो नेश. डिक्शनरीत शोधलं तर 'मऊ, नाजूक' असं एका ओळीत उरकलंय आणि पुढे 'बोलीभाषेतला' म्हणून शिक्का. मला जाणून घ्यायचंय की हा शब्द आला कुठून, अजून कुठे कुठे चालतो, आणि मुख्य म्हणजे आपल्याला कुणी नेश म्हटलं तर हसायचं की रागवायचं? ऑफिसात मला दिवसाआड म्हणतात आणि मी आपला हसतो. बायकोचं म्हणणं, तुला कळत नाही म्हणून तू हसतोस.

चहाटळ:
मी पयला! जाणकारांच्या प्रतीक्षेत.

कुरमुरे:
नेश म्हणजे ज्याला इतरांपेक्षा जास्त 'नेसावं' लागतं तो. धागा बंद करा आता. (हलके घ्या.)

शेफील्डची_सून:
थंडोबा, आमच्याकडे शेफील्डला तर हा शब्द मिठामिरचीसारखा वापरतात. माझी मुलं शाळेत जायला लागली तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी मुलीला कानटोपी, मफलर, हातमोजे असं सगळं चढवून नेलं होतं आणि गेटवर एक आजीबाई होत्या, त्यांचा नातू हाफ पँटीत, गुडघे लाललाल झालेले, तरी मजेत बागडत होता. त्या माझ्या लेकीकडे बघून म्हणाल्या, ती नेश होईल हो अशाने! म्हणजे बघा, 'आहे' नाही म्हणाल्या, 'होईल' म्हणाल्या. फार लाड केले, फार गुंडाळून ठेवलं की माणूस नेश होतो असा तिकडच्या जुन्या लोकांचा समज. आपल्याकडे नाही का म्हणत, पोराला फार जपलं की ते लेचंपेचं होतं, तसंच. त्यामुळे या शब्दात थंडीइतकाच लाडावलेपणाचा टोमणा आहे असं माझं मत.

आणि हो, पुरुषांना जास्त म्हणतात. बाईला थंडी वाजली तर कुणाला काही वाटत नाही, पण जाडजूड गड्याने हीटर लावला की झालं.

भाकरतुकडा:
शब्दाच्या जन्माबद्दल थोडं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

हा शब्द निदान हजार-अकराशे वर्षं जुना आहे आणि अस्सल इंग्रजी आहे, फ्रेंच किंवा लॅटिनमधून आलेला नाही. जुन्या इंग्रजीत तो 'ह्नेशे' असा होता, अर्थ मऊ, कोवळा, नरम. सुरुवातीचा तो ह आणि न यांचा जोड साधारण आपल्या 'न्हावी'तल्या न्ह सारखा धरा, फक्त त्याच्यात श्वास जास्त. पुढे इंग्रजीने हे सगळे ह गिळून टाकले. आजचा 'नट' तेव्हा 'ह्नुतु' होता, 'नेक' म्हणजे मान ती 'ह्नेक्का', 'रिंग' ती 'ह्रिंग', आणि पावाचा 'लोफ' तो 'ह्लाफ'. तसाच ह्नेशेचा नेश झाला. यात बिघडलं काही नाही, उलट जो प्रवास 'नट'ने केला तोच याने केला, फरक एवढाच की 'नट'ला पुढे लंडनच्या छापील इंग्रजीत जागा मिळाली आणि याला नाही.

भावकी पण आहे. गॉथिक नावाची एक जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातली, भाषा होती, आता मेली. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने तिच्यात बायबलचं भाषांतर केलं, त्याची एक चांदीच्या शाईने लिहिलेली प्रत स्वीडनमध्ये उप्साला इथे आहे. त्यात मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू विचारतो की तुम्ही रानात काय बघायला गेला होतात, मऊ वस्त्रं घातलेला माणूस? त्या 'मऊ'साठी जो शब्द आहे तो 'ह्नास्कुस', आपल्या नेशचा चुलतभाऊ. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे जॉर्डन नदीकाठचे तलम कपडेवाले आणि डर्बीच्या ऑफिसातले स्वेटरवाले थंडोबा एकाच शब्दात!

अर्थ कसा सरकला तेही मजेशीर आहे. आधी तो वस्तूंचा गुण, कठीणच्या उलट. मधल्या काळातल्या इंग्रजीत 'नेश आणि हार्ड' अशी जोडीच होती, मऊ असो की कडक, म्हणजे काहीही झालं तरी, आपण 'सुखदुःखात' म्हणतो तसं. मग शरीराने नाजूक, मग खाण्यापिण्यात नखरे करणारा, मग भित्रा, आणि शेवटी आज उरलाय तो बहुतेक फक्त थंडीपुरता. इतका मोठा वाडा होता, आता एका खोलीत राहतोय बिचारा.

चहाटळ:
वाखुसा (वाचनखूण साठवली). 'लोफ'वरून आठवलं, लॉर्ड हा शब्दही पावावरूनच आलाय ना?

भाकरतुकडा:
हो. ह्लाफवेअर्द, म्हणजे भाकरीचा राखणदार, त्याचं घासून घासून लॉर्ड झालं. आणि लेडी म्हणजे मूळची पीठ मळणारी.

कुरमुरे:
आमच्या घरी कणीक मी मळतो. म्हणजे मी लेडी?

झणझणीत_काकू:
@कुरमुरे, पोळ्या गोल येतात का ते आधी सांगा, मग पदवीचं बघू.

मूळपुरुष:
सगळे उगाच गॉथिकपर्यंत फिरून आले. उत्तर घरात आहे. संस्कृत 'नश्' धातू, नाश पावणे, क्षीण होणे. जो थंडीने क्षीण होतो तो नेश. उच्चारही तोच, अर्थही तोच. पण आपल्या लोकांना साहेबाने सांगितल्याशिवाय पटत नाही.

रोखठोक:
आले!! मी म्हणतच होतो अजून कसे आले नाहीत.

भाकरतुकडा:
@मूळपुरुष, तुमचं संस्कृतवरचं प्रेम मान्य, पण नुसता उच्चार सारखा असून भागत नाही. नेशमधला तो सुरुवातीचा ह विसरू नका. जर्मानिक भाषांत सुरुवातीला ह असेल तर त्याच्या जागी लॅटिनमध्ये क आणि संस्कृतात श किंवा क वगैरे सापडायला हवा. शत, लॅटिन केंटुम, इंग्रजी हंड्रेड, हे शाळेतलं उदाहरण. तेव्हा नेशला संस्कृतात नातेवाईक असलाच तर तो न ने सुरू होणारा नसणार. आणि शेवटचा श सुद्धा इंग्रजीत मागाहून झालेला आहे, आधी तो स्क होता, जसा 'फिश' पूर्वी 'फिस्क' होता.

बरं, नश् ला त्याचे स्वतःचे नातेवाईक आहेतच की, तेही चांगल्या घरातले. ग्रीक 'नेक्रोस' म्हणजे प्रेत, लॅटिनमधला इजा करणे या अर्थाचा 'नोकेरे', आणि त्याच्यापासून आलेला 'इनोसंट'. म्हणजे ज्याने कुणाचा नाश केला नाही तो इनोसंट. हे नातं पक्कं असताना उगाच नेशला दत्तक कशाला घ्यायचं?

मूळपुरुष:
इनोसंट आमचा आहे हे कबूल केलंत, आजच्यापुरतं पुरे. ऑरेंजही आमचंच, नारंग.

शेफील्डची_सून:
ऑरेंज खरंच आहे हो तसं! आपलं नारिंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नरांजा, आणि फ्रेंचांपर्यंत येता येता न गळाला.

भाकरतुकडा:
बरोबर. आणि संस्कृतात तो दक्षिणेतल्या द्राविडी भाषांकडून आला असं मानतात, म्हणून 'आमचं' म्हणताना मूळपुरुषांनी जरा जपून. दिवे घ्या, म्हणजे हलके घ्या.

न गळण्याच्या उलटही होतं. इंग्रजीत आडनाव आहे नॅश, बऱ्याच जणांना वाटतं त्याचा नेशशी संबंध असेल. नाहीये. कुणीतरी ॲश झाडापाशी राहायचा, 'ॲटन ॲश', त्यातला न पुढच्या शब्दाला चिकटला आणि नॅश झालं. उलट 'एप्रन' पूर्वी 'नेप्रन' होता, त्याचा न मागच्या 'अ'ने पळवला.

खवट_खोबरं:
धागा नेशवरून लॉर्ड, कणीक, संत्रं करत एप्रनपर्यंत आला. उद्या नागपूरला पोचेल.

मँचेस्टरी_मिसळ:
नागपूरला नको, मँचेस्टरला या. आमच्या लँकशायरकडेही नेश आहे आणि छापील पुरावाही आहे. एलिझाबेथ गॅस्केल बाईंच्या 'मेरी बार्टन' या १८४८ च्या कादंबरीत अगदी पहिल्याच प्रकरणात गिरणीतली कामगार कुटुंबं सुट्टीच्या दिवशी गावाबाहेर माळावर फिरायला गेलेली असतात, तिथे एकजण म्हणतो, बसा इथे, गवत वाळत आलंय आणि तुम्ही काही थंडीला भिणाऱ्या नेश माणसांतले नाही. बाईंचे यजमान विल्यम गॅस्केल हे पाद्री, त्यांना लँकशायरच्या बोलीचा नाद, त्यांनी खाली टीप देऊन शब्द अँग्लो-सॅक्सन असल्याचं आणि 'टेंडर' हा अर्थ सांगितला. हे मुद्दाम केलेलं. लंडनच्या वाचकाने गिरणी कामगाराची भाषा गावंढळ म्हणून नाक मुरडू नये, ही तुमच्यापेक्षा जुनी इंग्रजी आहे हे त्याला दाखवायचं होतं. मला ती टीप कादंबरीइतकीच आवडते.

गंमत म्हणजे आमच्याकडे जुने लोक 'स्टार्व्ड' म्हणाले तर त्यांना भूक लागलेली नसते, थंडी वाजत असते. स्टार्व्हचा मूळ अर्थ मरणे, जर्मनमध्ये अजून 'श्टेर्बेन' म्हणजे मरणे. दक्षिणेत तो उपासमारीने मरण्यापुरता उरला आणि उत्तरेत गारठून मरण्यापुरता. भुकेसाठी लँकशायरात वेगळा शब्द, 'क्लेम्ड'. मी नवीन असताना शेजारच्या आजोबांनी स्टार्व्ड म्हटलं म्हणून मी त्यांना कांदेपोहे नेऊन दिले. त्यांनी खाल्ले आणि मग म्हणाले, आता खिडकी लावतेस का पोरी?

झणझणीत_काकू:
पोहे आणि खिडकी!! हसून हसून पुरेवाट.

डर्बीकर:
थंडोबा, मीपण डर्बीतच, भेटू कधीतरी. यॉर्कशायरच्या उत्तरेला वर वर गेलात की नेश विरळ होतो. तिकडे गारठला असेल तर 'निदर्ड' म्हणतात. नेशचं खरं माहेर म्हणजे डर्बीशायर, नॉटिंगमशायर, स्टॅफर्डशायर, चेशर, श्रॉपशायर, लँकशायर आणि यॉर्कशायरचा दक्षिण भाग, म्हणजे शेफील्ड वगैरे. आणि इकडे 'डक' ऐकलंत की नाही? दुकानदार मिशाळ, मी मिशाळ, आणि तो मला डक म्हणतो. पहिल्यांदा मागे वळून बघितलं होतं.

कुरमुरे:
बदक??

डर्बीकर:
बदक म्हणजे लाडाने 'बाळा' हो. शेक्सपियरच्या नाटकातही प्रियकर प्रेयसीला डक म्हणतो.

रोखठोक:
आता जरा कडू बोलतो. असल्या शब्दांत एवढं काय रमायचं? खाणी बंद झाल्या, गिरण्या बंद झाल्या, तिथली पोरं आता मोबाइलवरची इंग्रजी बोलतात. मेलेल्या शब्दाचं श्राद्ध घालण्यापेक्षा चार चांगले शब्द शिका जे लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये कळतील. बोली म्हणजे शेवटी प्रमाणभाषेची बिघडलेली कॉपीच.

मँचेस्टरी_मिसळ:
बिघडलेली?? वर एवढा इतिहास सांगितला तो वाचलात का?

भाकरतुकडा:
रोखठोक, 'बिघडलेली कॉपी' हे वाक्य तुम्ही जोसेफ राइटसमोर म्हणायला हवं होतं. ब्रॅडफर्डजवळच्या गरीब घरातला माणूस, लहानपणी खाणीत आणि मग कापडगिरणीत कामाला, पंधराव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं. १८७० चं फ्रान्स-प्रशियाचं युद्ध चालू होतं, सोबतचे लोक पेपर वाचून बातम्या सांगायचे, आपल्याला येत नाही याचं वाईट वाटून शिकायला बसला. तोच पुढे ऑक्सफर्डला प्रोफेसर झाला आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनसारखे विद्यार्थी त्याच्या हाताखाली शिकले. त्याने १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. स्वतः यॉर्कशायरची बोली बोलत मोठा झालेला माणूस, त्याला या शब्दांची लाज नव्हती, उलट तो त्यांच्याकडे शास्त्राच्या नजरेने बघायचा.

आणि हा योगायोग बघा, १९०५ मध्येच ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड आला, ज्यात आपल्या बोलींचे नमुने आहेत, बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत सांगून घेतलेली. तिकडे राइट, इकडे ग्रिअर्सन, दोघांचा हिशोब तोच की छापील भाषा ही एक बोलीच आहे, फक्त तिच्या हातात छापखाना आहे.

उंबरठा:
सहमत. पुढची भर: दुसऱ्या महायुद्धानंतर लीड्स विद्यापीठातून हॅरल्ड ऑर्टन यांनी इंग्लंडच्या बोलींचं मोठं सर्वेक्षण केलं, १९५० ते १९६१, एकूण ३१३ ठिकाणं, बहुतेक खेडी. संशोधक गावात जाऊन म्हाताऱ्या शेतकऱ्यांजवळ बसायचे, तेराशेच्या आसपास प्रश्न, आणि युक्ती अशी की उत्तराचा शब्द आपण उच्चारायचा नाही. गायीकडे बोट दाखवून 'याला काय म्हणता' असं. कारण आपण 'प्रमाण' शब्द उच्चारला की समोरचा लाजून तोच म्हणतो. आपल्याकडे शहरातला पाहुणा आला की आजी अचानक 'पाणी घेणार का आपण' असं बोलायला लागते, तेच.

रोखठोक:
माझी आजी तसं बोलायची खरं. बाकी मुद्दा मान्य नाही, पण राइटबद्दल वाचेन.

खवट_खोबरं:
रोखठोक वाचेन म्हणाले. तारीख लिहून ठेवा.

बर्फाळ_बाई:
धागा उशिरा बघितला. मी कॅनडात न्यूफाउंडलंडला, सेंट जॉन्समध्ये. तुमचा नेश इकडे 'निश' होऊन आलाय! इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडून मासेमारीला लोक येऊन इथे राहिले, त्यांनी आणला. पण अर्थ थंडीचा नाहीये फारसा. हात सोलवटलेला, दुखरा, हुळहुळा असेल तर निश. सहज इजा होईल असं जे काही ते निश. मजा आहे ना, जिथे खरी थंडी तिथे थंडीचा अर्थ टिकला नाही, आणि डर्बीसारख्या ठिकाणी, जिथे आमच्या मानाने वसंतच असतो म्हणा, तिथे टिकला.

भाकरतुकडा:
बर्फाळताई, ही भर फार आवडली. माझ्या मते निश हाच जुन्या अर्थाच्या जास्त जवळचा आहे, मऊ, कोवळं, सहज दुखावणारं. शब्द घर सोडून गेले की कधी कधी जुना अर्थ जपून ठेवतात आणि घरी राहिलेले बदलतात. तंजावरच्या मराठीत नाही का जुनी रूपं राहिली.

झणझणीत_काकू:
पण मराठीत नेशला शब्द काय? मी विचार करतेय कालपासून. काकडणे, कुडकुडणे, हुडहुडी भरणे ही सगळी क्रियापदं झाली. ज्याला लवकर थंडी वाजते अशा माणसाला एक शब्द?

उंबरठा:
लेचापेचा जवळचा आहे पण त्यात थंडी नाही. 'हीव' हा थंडीसाठी जुना शब्द, हिवतापातला, हीव वाजतं म्हणतात अजून. त्यावरून 'हिवरट' करू या का?

कुरमुरे:
पुण्यात डिसेंबरात बारा अंशाला शेकोटी पेटवून व्हॉट्सॲपवर फोटो टाकणाऱ्यांसाठी वेगळा शब्द लागेल, हिवरट कमी पडेल.

झणझणीत_काकू:
आमच्या सोसायटीवर घसरू नका.

डर्बीकर:
थंडीवरून निघालंच आहे तर, थंडोबा, तुमच्या ऑफिसात तापमान किती असतं? इथल्या कामाच्या ठिकाणच्या नियमांच्या मार्गदर्शनात बैठ्या कामाला निदान १६ अंश आणि अंगमेहनतीच्या कामाला १३ असं सुचवलंय. घरात १८ ठेवा असं आरोग्य खात्याचं म्हणणं असतं. आता आपल्याकडे १८ म्हणजे रजई! तेव्हा तुम्ही नेश नाही, तुम्ही फक्त २८ वर जन्मलेले आहात.

थंडोबा:
साडेसतरा-अठरा असतं, तेही कुणीतरी मधेच खिडकी उघडतं. इतकं ज्ञान मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार, पण माझा मूळ प्रश्न राहिलाच की. हसू की रागवू?

चहाटळ:
हसत राहा. पगार थांबत नाही ना?

शेफील्डची_सून:
थंडोबा, हे कोण कुणाला म्हणतं त्यावर आहे. तिथली माणसं सगळ्यात जास्त नेश कुणाला म्हणतात माहितीये? लंडनच्या लोकांना. त्यांच्या दृष्टीने दक्षिणेकडचे सगळे एकजात नेश. दुसरा नंबर स्वतःच्या नवऱ्याचा. तेव्हा भारतीय म्हणून तुम्हाला वेगळं काढलंय असं मनात आणू नका. माझ्या अनुभवात ज्याच्याशी जवळीक नाही त्याला हे सहसा म्हणत नाहीत, ज्याला चहा विचारतात त्यालाच म्हणतात. पण एक आहे, 'नेश' म्हणून जर कुणी खरंच हीटर बंद करत असेल, किंवा तुम्ही आजारी असताना म्हणत असेल, तर तिथे हसायचं कारण नाही, सरळ सांगायचं की मला गारठतंय. थट्टा आहे की खवचटपणा ते शब्दात नसतं, त्यानंतर तो काय करतो त्यात असतं.

मँचेस्टरी_मिसळ:
+१. आणि साहेबाला उलट नेश म्हणू नका, निदान पहिल्या वर्षी तरी.

थंडोबा:
पटलं. जो मला सगळ्यात जास्त नेश म्हणतो तोच सकाळी माझा चहाचा मग पण भरून आणतो, म्हणजे बायकोला उत्तर मिळालं. आता फक्त त्याला परत काय म्हणू ते सांगा, तिथल्याच भाषेत.

डर्बीकर:
सोप्पंय. 'मार्डी' म्हणा. मार्डी म्हणजे फुरंगटलेला, रुसूबाई. हाही तुमच्याच पट्ट्यातला, लाडाने बिघडलेल्या पोराला म्हणायचे, 'मार्ड' म्हणजे बिघडवलेला, त्यावरून. त्याने नेश म्हटलं, तुम्ही न चिडता स्वेटर चढवला, आणि दुपारी त्याची फुटबॉल टीम हरली की हळूच विचारा, आज मार्डी का रे?

कुरमुरे:
मार्डी हे आमच्या सोलापूरजवळचं गाव आहे. मूळपुरुष, धावा!